मुकीला अपलोड कशाला

जयपालनं लॅपटॉप माझ्या नाकासमोर धरला.

"बघ, काटा कुठं जाऊन टेकलाय. एवढा स्पीड खुद्द आप्पाच्या घरात नसंल."

त्याच्या गालात मावा होता. बोलताना तांबडे थेंब पडद्यावर उडत होते आणि तो ते बाहीनं पुसत होता. लॅपटॉप आमचा, थुंकी त्याची. जयपाल म्हणजे आप्पा मगदूमचा लाइनमन. आमच्या भागात टीव्हीची केबल आप्पाची आणि त्याच वायरीतून येणारं इंटरनेटही आप्पाचंच.

"हा येणारा स्पीड," मी म्हणालो. "जाणारा दाखव."

"जाणारा कशाला? कापडाचे तागे पाठवतोस का काय त्यातनं?"

"दाखव तर."

त्यानं दाखवला. जाणाराही बरा होता. परवा आमचा जीव काढलेला तोच काटा आज शहाण्यासारखा वर चढत होता.

"झालं समाधान? तक्रार बंद करतो. सारखं सारखं बोलवू नगोस, दशा. आज सुट्टीच्या दिवशी आलोय तुझ्यासाठी."

शैला भिंतीला टेकून बसली होती. माझी धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून तोंडानं बोलताही येत नाही. गल्लीत तिला नाव नव्हतं. ती मुकी, मी मुकीचा भाऊ. तिनं जमिनीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. जमीन गप्प आहे, असं सांगत होती. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. जयपालनं चहा मागितला, पिला आणि जाताना आमच्याच उंबऱ्याशेजारी पचकन थुंकून गेला.

शैलाचं लग्न चिंचवडला झालं होतं. नवरा चांगला बोलता-चालता, कंपनीत फिटर. पोरगी दिसायला देखणी, वर भांडायला तोंड नाही, असा हिशोब करून त्यांनी ती केली, हे आम्हाला नंतर कळलं. मुलगी झाली, ईश्वरी. तिला सगळं ऐकू येत होतं. ती आज्जीशी तोंडानं बोलायची आणि आईशी हातांनी. चार वर्षांची झाली तेव्हा सासूच्या डोक्यात आलं की मुकीच्या संगतीनं पोरगी मुकी होईल. शैलाच्या हातात एक पिशवी देऊन तिला इचलकरंजीच्या गाडीत बसवलं. आठ दिवस माहेरी राहून ये म्हणाले. पोरगी ठेवून घेतली. आठ दिवस काही संपले नाहीत.

मग कोर्ट. तिथल्या समुपदेशक मॅडमनी आई-लेकीच्या भेटीसाठी दोनदा तारीख दिली आणि दोन्ही तारखांना पोरीला ताप आला. बरोबर तारखेला यायचा आणि तारीख गेली की उतरायचा. शेवटी मॅडम म्हणाल्या, दर बुधवारी दुपारी व्हिडिओवर भेट करा. काही आठवड्यांनी मी स्वतः त्यांच्या घरी पोरीशेजारी बसेन आणि बघेन. आई तिच्या घरात बसलेली दिसली पाहिजे, पोरगी जिथं राहणार ते घर मला दिसलं पाहिजे. पोरगी आईला ओळखते का, आईचं तिला कळतं का, ते मी लिहून देईन.

आमचा वकील म्हणाला होता, "त्या लिहिण्यावरच सगळं आहे. त्यांनी लिहिलं की पोरीला आईचं कळत नाही, तर विषय संपला."

आमचं हातांनी बोलणं कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. शैला बहिऱ्या मुलांच्या शाळेत थोडी शिकली, पण तिची खरी भाषा मागाच्या खोलीतली. पॉवरलूमच्या खोलीत दोन डझन माग एकदम धडधडत असतात तेव्हा कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथं सगळेच बहिरे आणि सगळेच हातानं बोलतात. बोटं जुळवून तोंडाकडं नेली की जेवलास का. कपाळावर आडवं बोट म्हणजे शेठ आला. आमची आई कांडीवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला होती, मी मागावर, आणि शैला लहानपणी दिवसभर आमच्या पायात. त्या खोलीत ती कुणापेक्षा कमी नव्हती. बाहेर आली की मुकी व्हायची.

त्या भाषेत एक खूण होती. मागावर धागा तुटला की त्याची दोन टोकं अंगठा आणि बोटात धरून चिमटीतच पीळ देऊन गाठ मारतात. इतकी बारीक की कापडात दिसत नाही. शैला ती चिमूट फिरवून दाखवायची आणि तिचा अर्थ असायचा, मी आहे, तुटलेलं जोडलंय. ईश्वरी रात्री झोपताना ही गाठ मारून घ्यायची. आईनं एक मारायची, तिनं एक मारायची, मगच डोळे मिटायचे.

तर बुधवार. पलीकडून ईश्वरी इतकी स्वच्छ दिसायची की ओठावरची दुधाची मिशी दिसायची. आवाजही खणखणीत. आमच्याकडं येणारं सगळं येत होतं. पण पडद्याच्या कोपऱ्यात आमचं छोटं चित्र दिसायचं, त्यात शैलाच्या कोपराच्या पुढं हात नसायचे. नुसते चौकोन. ती बोटं हलवायची आणि पलीकडं राखेसारखं काहीतरी उडायचं. मग चित्र अडकायचं, मग एकदम पुढं उडी मारायचं. शैला गाठ मारायची, परत मारायची, चेहऱ्याजवळ नेऊन मारायची.

ईश्वरी मागं वळून म्हणाली, "आज्जी, मम्मीचे हात तुटतायत."

सासू हसली. मला पडद्यातून स्पष्ट ऐकू आलं. "तुटू देत बाळा. तसल्या हातांनी काय व्हायचंय. चल, कार्टून लावते."

मी शैलाला सांगणार नव्हतो. पण तिला ओठ वाचता येतात, आणि त्या बाईचे ओठ इतके स्वच्छ दिसत होते. त्याला आप्पाचा स्पीड पुरेपूर होता.

शैला रडली नाही. तिनं जमिनीवर हात ठेवला आणि मग माझा हात ओढून शेजारी टेकवला. फरशी थरथरत होती. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीमागं माग. ती म्हणाली, जमीन हलते तेव्हा माझे हात तुटतात. सुट्टीला जमीन गप्प असते, तेव्हाच तो माणूस येतो.

दुसऱ्या दिवशी मी जयपालला खांबावर गाठला. तो वर, मी खाली.

"मागांचा आणि नेटचा काय संबंध?"

"हाय की," तो वरूनच म्हणाला. त्याला ठाऊक होतं, त्याचाच मला संताप आला. "घरात येणारा माल वायरीतनं वरच्या मजल्यावरनं येतो. जाणारा जातो खालच्या गटारीतनं. तुमच्या गल्लीतल्या मोटरांचा सगळा कचरा त्या गटारीत. जोडबी सगळे गंजल्यात. जुना मॉडेम असला की त्या कचऱ्यात गुदमरतो."

"मग नवा द्या."

"नव्या जातीचा हाय. चार वाटांनी पाठवतो, एक तुंबली तर दुसरीकडनं. पण तो आप्पाच्या परवानगीशिवाय न्हाई. तुला दिलाय तो मोमीनांच्या घरातनं काढून आणलेला, त्यांनी कनेक्शन बंद केलं तवा."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"तू आत्ता इचारलंस."

मी त्याच दिवशी कोल्हापूरला गेलो. दुकानदाराला आमच्या मॉडेमचा फोटो दाखवला, केबल कुणाची ते सांगितलं. त्यानं एक खोका काढून दिला आणि म्हणाला, तुमच्या लाइनीवर हा हमखास चालतो, तुमच्या गावाकडचे लोक हाच नेतात. फक्त ह्याच्या बुडाखाली नंबर आहे तो तुमच्या केबलवाल्याला त्याच्या कॉम्प्युटरात घालायला सांगा. त्याशिवाय दिवा लागणार नाही.

खोका घेऊन मी आप्पाच्या ऑफिसात गेलो. आप्पासाहेब मगदूम पुढच्या निवडणुकीला उभा राहणार होता. भिंतीवर त्याचेच हात जोडलेले फोटो, टेबलावर शाली आणि नारळ. खुर्चीत तो पाय वर घेऊन बसला होता आणि कानात काडी घालत होता.

"आप्पा, एवढा नंबर चढवा."

त्यानं खोका उलटासुलटा केला. "हा चालायचा न्हाई. आमच्या सिस्टीमला मॅच हुत न्हाई."

"दुकानदार म्हणाला, होतो."

"दुकानदार केबल चालवतो व्हय? आमची यादी असती. यादीत नसलेला डबा लावला तर सगळ्या लाइनीला तरास. उद्या अख्ख्या गल्लीच्या मालिका बंद पडल्या तर बायका मला शिव्या देतील."

त्यानं काडी बाहेर काढली, तिच्याकडं बघितलं आणि टेबलाच्या कडेला पुसली. माझी नजर काडीबरोबर गेली. टेबलाच्या पलीकडं कपाटावर त्याचा कॅमेरा होता, तिवईवर उभा, आणि शेजारी एक डबा. काळा, पुढं चार हिरवे दिवे. माझ्या हातातल्या खोक्यावर ज्याचं चित्र होतं, तोच.

"हा तोच आहे, आप्पा."

"कुठला?"

"तुमच्या कपाटावरचा."

त्यानं मान वळवायची तसदी घेतली नाही. "माझं येगळं. मला लाइव्ह करायला लागतं. वाढदिवस असतो, सत्कार असतो, मंडळाची आरती असती. मला वर पाठवायला लागतं, लेका."

"शैलालाही वर पाठवायला लागतं. बुधवारी कोर्टाच्या मॅडम बघणार आहेत. पोरीला तिचे हात दिसले नाहीत तर पोरगी जाईल."

आप्पा हसला. वाईट हसला असंही नाही. खरोखर गंमत वाटल्यासारखा हसला. तेच मला अजून ओकारी आणतं.

"दशा, मुकीला अपलोड कशाला रं? ती बोलणार हाय काय? तिनं आपलं बघायचं. बघायला डाऊनलोड लागतंय, ते तुला दिलंय का न्हाई झकास? पोरगी दिसती का न्हाई?"

"दिसते."

"मग? कशाला उगा कोल्हापूरपतोर हेलपाटा. आज तुझा बाहेरचा डबा चढवला तर उद्या सगळी गल्ली आपापले डबे आणंल. मग माझे डबे काय मी उशाला घेऊन झोपू?"

ते कारण होतं. एवढंच. वैर नव्हतं, कट नव्हता, नवऱ्याकडच्यांशी काही ओळखही नव्हती. त्याचे जुने डबे घरोघरी भाड्यानं फिरत राहावेत, यापलीकडं त्या डोक्यात काही नव्हतं. मी दोनदा पाया पडलो. हेही सांगतो, कारण नंतर गल्लीनं सांगितलं की दशा माजला होता. मी पाया पडलो आणि त्यानं पाय मागं घेतले नाहीत.

मोबाइलच्या नेटचा उपाय मला सांगू नका. तेव्हा ते आमच्या पत्र्याखाली टिकत नव्हतं.

एकच वाट राहिली होती. त्या बुधवारी दुपारी अर्धा तास जमीन गप्प करायची. आमच्या आजूबाजूच्या खोल्या तिघा मालकांच्या, पण त्यातले दोघे तिसऱ्या, बाबूशेठच्या तोंडाकडं बघून चालायचे. त्याच्याच मागावर मी कामाला होतो. शेठ दारात खाटेवर बसून शेंगा खात होता. टरफलं तिथंच टाकत होता आणि कांडीवाली हौसाक्का ती झाडत होती.

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकलंही.

"अर्धा तास सगळी खोली बंद?"

"माझी मजुरी कापा. सगळ्यांची मी भरून देतो."

"मजुरीचा सवाल न्हाई. पायंडा पडतोय. आज तुझ्या मुकीचा फोन, उद्या कुणाच्या पोराचं बारसं."

"मागच्या महिन्यात साहेबांची मिरवणूक जाताना बंद केले होते."

"ते साहेब हुते."

"तात्या जॉबर गेला तेव्हा दीड दिवस बंद होते."

"मग मयत हुतं ते," शेठ म्हणाला. त्याला मी शिकवतोय याचाच राग आला. "गल्लीत मयत झालं की तिरडी उचलंपतोर माग बंद. माझ्या आज्ज्यापासनं चालत आलंय. मेलेल्याला मान द्यायला लागतो. जित्या माणसासाठी कोण माग बंद करतं?"

त्यानं शेंगेचं टरफल टाकलं. हौसाक्कानं झाडलं. जाताना तिनं माझ्याकडं बघून दोन बोटं तुटल्यासारखी केली. धागा तुटला. आमच्या खोलीत हळहळ अशीच व्यक्त करतात. मी कामाला लागलो, पण शेठचं ते वाक्य माझ्या मागाबरोबर खडखडत राहिलं.

बुधवार आला. शैलानं सकाळीच घर पुसून काढलं. ईश्वरीचा लहानपणीचा फ्रॉक दिसेल असा भिंतीला टांगला. हात तेल लावून धुतले, नखं कापली. हात दिसणार म्हणून. मला म्हणाली, तू शेठला विचारलंस का? मी म्हणालो, विचारलं. काय म्हणाला? मी म्हणालो, बघू म्हणाला. फोनची वेळ जवळ आली तेव्हा मी तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि बाहेर पडलो.

खोलीत माग धडधडत होते. शेठ दारातच होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"शेठ, शैला गेली."

"कुठं?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. पंधरा दिवस झोप नसलेलं तोंड होतं, त्यात मयत सहज दिसत होतं.

"आरारारा," शेठ म्हणाला. "काय खाल्लंन् का काय?"

मी खाली बघितलं.

"सुटली बिचारी," तो म्हणाला. खाटेवरून उठता उठता माझ्या खांद्यावर थोपटून पुढं म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नगोस. तूबी सुटलास."

मी त्याच्या तोंडावर थुंकलो नाही, कारण मला अर्धा तास हवा होता.

त्यानं खोलीत जाऊन हात वर केला आणि आडवा फिरवला. पहिला माग थांबला. मग शेजारचा. कामगार एकमेकांना हातानं सांगत गेले, मुकी गेली, मुकी गेली, आणि ते हात जिथं पोचत तिथला आवाज बंद पडत गेला. पलीकडच्या खोलीत निरोप गेला. पाठीमागच्या खोलीत गेला. आधी आमची, मग त्यांची, मग कोपऱ्यावरची. सबंध गल्ली अशी गप्प झाली की चपलेचा आवाज ऐकू यायला लागला. जित्या शैलासाठी ज्यांनी एक बटण दाबलं नसतं, त्यांनी मेलेल्या शैलासाठी काही न विचारता सगळं बंद केलं. कुणी मला अडवलं नाही. मी पळत घरी आलो, आणि सगळ्यांना वाटलं दुःखानं पळतोय.

शैलानं जमिनीवर हात ठेवलेला होता. माझ्याकडं बघितलं. डोळे मोठे झाले होते.

शेठ चांगला आहे, ती हातानं म्हणाली.

मी दार आतून लोटलं आणि फोन लावला.

पलीकडं ईश्वरी एका उंच खुर्चीत, शेजारी सुती साडीतल्या मॅडम, मागं सासू आणि दाराशी नवरा. सासूनं सुरुवातच केली, "बघा मॅडम, दर वेळी हेच. हिला आईचं काही कळत नाही, घाबरते. उगीच लेकराच्या जिवाला..."

"आपण बघू या," मॅडम म्हणाल्या.

मी कोपऱ्यातल्या छोट्या चित्राकडं बघितलं. शैलाचे हात तिथं होते. सगळी बोटं, एकूण एक. तिनं ती जुळवून तोंडाकडं नेली. जेवलीस?

ईश्वरी नुसती बघत राहिली. सासू म्हणाली, "बघा."

शैलानं घाई केली नाही. परत विचारलं. मग काय खाल्लंस विचारलं, गोल चपाती दाखवली, मग नाक मुरडून भाजी दाखवली. ईश्वरीच्या तोंडाचा कोपरा हलला. तिनं दूध प्यायचा ग्लास दाखवला. मग मिशी दाखवली. शैला हसली, आवाज न करता, खांदे हलवत. मग ईश्वरीचे हात जे सुटले ते थांबेनात. कुत्रीला पिल्लं झालीत. एक काळं आहे. बाबा ओरडतो. आज्जी तुझं नाव घेऊ देत नाही. सासूला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ती मॅडमना म्हणाली, "हे काय माकडचाळे शिकवलेत बघा," आणि मॅडम तिच्याकडं न बघता लिहीत होत्या.

शेवटी शैलानं दोन्ही हात पुढं आणले आणि चिमूट फिरवली. इतकी बारीक हालचाल की समोर बसलेल्यालाही चटकन दिसू नये.

ईश्वरीनं खुर्चीतून खाली उडी मारली, पडद्याच्या अगदी जवळ आली आणि गाठ मारली. एक मारली, मग शैलानं मारली, मग तिनं परत मारली आणि डोळे मिटून घेतले. भर दुपारी. आणि डोळे मिटूनच मोठ्यानं म्हणाली, "मम्मीचे हात बरे झाले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे काय केलं तिनं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मला जे बघायचं होतं ते बघितलं."

पडदा बंद झाला तेव्हा आमच्या दाराबाहेर माणसं बोलत होती. बांबू आणि गवत आणायला कुणाला पाठवलंय का, असं कुणीतरी विचारत होतं. मडकं कुठाय. नातेवाइकांना फोन झाले का. मी उठून दार उघडलं.

सगळी गल्ली होती. बाबूशेठ पुढं, डोक्यावर टोपी चढवून. मागावरचे सगळे. हौसाक्का पदर तोंडाला लावून. आणि आप्पा मगदूम, पांढऱ्या कपड्यात, हातात झेंडूचा भलामोठा हार घेऊन. त्याच्यामागं त्याचा एक माणूस मोबाइल वर धरून उभा होता. आप्पा मुकीच्या मयतालाही लाइव्ह करणार होता.

माझ्यामागून शैला दारात आली. चेहरा धुतलेला, डोळे चमकत होते.

एक म्हातारा मागच्या मागं सरकला. शेठचं तोंड उघडं राहिलं, त्यातली शेंग मला दिसली.

"दशा," शेठ म्हणाला. "ही काय भानगड?"

"तुम्हीच सांगितलंत, शेठ. मयताला बंद करतात."

"म्हंजे एका फोनसाठी..." त्यानं आईवरून शिवी दिली. "अख्ख्या गल्लीचे माग..."

"मग हार कुणाला घालायचा आता?" आप्पानं विचारलं. त्याला तेवढीच अडचण होती.

"तुमच्या मोमीनांकडच्या मॉडेमला घाला," मी म्हणालो. "आत आहे."

पुढचं सांगून टाकतो. मॅडमनी लिहिलं ते आमच्या बाजूनं गेलं आणि ईश्वरी दिवाळीच्या आधी घरी आली. आज ती माझ्यापेक्षा उंच आहे. त्या गल्लीत मला परत कुणी मागावर घेतलं नाही. दोघांनी मला मारलं, एकाचं नाव मला माहीत आहे. आप्पा निवडून आला. खोटं बोललो म्हणून देव बघून घेईल, असं शेठ जाईल तिथं सांगायचा. बघू दे. मी त्या खोट्याबद्दल कधी माफी मागितली नाही आणि मागणारही नाही.

पण त्या दुपारी दारात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

शैलानं हार बघितला. शेठची टोपी बघितली. मला हातानं विचारलं, कोण गेलं?

मी तिच्याशी खोटं बोलत नाही. मी म्हणालो, तू.

ती एकेकाकडं बघत गेली. घाई न करता, पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत. शेठ, आप्पा, मोबाइलवाला, मग सगळे कामगार. आणि मग बोलायला लागली. दोन्ही हातांनी, लांब, सावकाश, नीट. त्यांच्याकडं तोंड करून ती कधी बोललीच नव्हती, कारण ती बोलते असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. पण ती सगळी मागाच्या खोलीतली माणसं. रोज पाळीभर ह्याच हातांच्या भाषेत जगणारी. तिचा एकेक शब्द त्यांना कळत होता. मी बघत होतो. ती जसजशी बोलत गेली तसतशा माना खाली जात गेल्या. एक जण चप्पल शोधायला लागला, ती त्याच्या पायातच होती.

फक्त आप्पाला काही कळत नव्हतं. तो कधी मागावर उभाच राहिला नव्हता. तो हार सावरत इकडं तिकडं बघत होता.

"काय म्हणती मुकी?" त्यानं विचारलं.

शेठनं घसा खाकरला आणि दुसरीकडं बघितलं.

"आरं, सांगा की कुणीतरी. काय म्हणती?"

हौसाक्कानं तोंडावरचा पदर काढला.

"मयताला आलाय न्हवं," ती म्हणाली. "घरी जाऊन आंघोळ करा म्हणती."